चार झाडं लेकीच्या नावावर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांनी लिहिलं आहे. त्यांची मुलगी आठवीत आहे. दिवाळीनंतर महिनाभर ती पहाटे बागेत जाऊन पानांवरचं दव किती वाजता सुकतं ते वहीत टिपत होती. विरळणी केलेल्या, म्हणजे जादा फुटी काढलेल्या प्लॉटात दव लवकर सुकतं, दाट प्लॉटात उशिरा, असं तिला दिसलं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती वही, एक थर्मामीटर आणि हाताने काढलेला तक्ता घेऊन गेली. शेजारच्या टेबलावर दुकानातून आणलेलं, दिवे लागणारं तयार मॉडेल होतं. पहिला नंबर त्याचा आला, हिचं नावही घेतलं नाही. ती घरी येऊन रडली. आता पुण्यात इंजिनिअर असलेला तिचा मामा म्हणतो, "पुढच्या वर्षी मी भारी मॉडेल करून देतो, तिनं फक्त उभं राहायचं." त्यावर मुलगी म्हणाली, "मग मामालाच उभं करा." वडील विचारतात: मामाचं ऐकावं, दुकानातून मॉडेल घ्यावं, की हा नाद सोडून तिला अभ्यासाला लावावं? आम्ही नवरा-बायको दहावीपर्यंत शिकलेलो, आम्ही तिला काय सांगणार?

दादा,

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर तुम्ही कंसात टाकला आहे. '(एकदा तिनं विचारलं, कडेची ओळ आधी का सुकते. मी म्हटलं, वारं लागतं म्हणून. तर म्हणाली, मग ओढ्याकडची कडेची ओळ का सुकत नाही? मला काही सांगता आलं नाही.)' हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीनं बापाचं उत्तर ऐकून घेतलं, ते बागेत नेऊन ताडून पाहिलं आणि जिथे ते लागू पडेना तिथे नेमकं बोट ठेवलं. परीक्षक टेबलाटेबलांवर जे शोधत फिरतात ते हेच. फक्त ते तुमच्या बागेत घडलं, सकाळी सात वाजता, आणि तिथे परीक्षक नव्हते.

आधी तिच्या रडण्याविषयी. "त्यात काय एवढं" असं तिला कुणी म्हणू नये, तुम्ही तर नाहीच. थंडीत महिनाभर अंथरूण सोडून ती बागेत गेली आहे. तिला लागलंय ते खरं आहे, दोन-चार दिवस ते लागू द्या. मग एका संध्याकाळी शेजारी बसून एवढंच विचारा: "परीक्षकांनी तुला काय विचारलं गं?" तुम्ही लिहिलंय, त्यांनी "हे चालतं का?" असं विचारलं. ती म्हणाली, "नाही सर, ही वही आहे." ते पुढच्या टेबलाकडे गेले.

दादा, मी त्या परीक्षकांच्या खुर्चीत बसलेली आहे. शाळेत विज्ञान शिकवत असताना मी बऱ्याच प्रदर्शनांत परीक्षक होते. एकदा एका तालुक्याच्या प्रदर्शनात सातवीतला एक मुलगा दोन माठ घेऊन आला होता. एक साधा, दुसऱ्याला बाहेरून ऑइलपेंट दिलेला. दोन्हींत पाणी, दोन्हींत थर्मामीटर, आणि पाठकोऱ्या कागदांवर आठ दिवसांचे आकडे. बाजूच्या टेबलावर दिव्यांनी लखलखणारं शहर होतं. दुपारची वेळ, साठ-सत्तर टेबलं बघायची, जेवणाची घाई. आम्ही तिघांनी नंबर शहराला दिला. संध्याकाळी एसटी स्टँडवर तो मुलगा दिसला. माठ पोत्यात गुंडाळून मांडीवर धरले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि हॉलमध्ये विचारायला हवं होतं ते तिथे विचारलं: रंगवलेल्या माठातलं पाणी गार का झालं नाही? तो म्हणाला, "बाई, त्याची भोकं बुजली. पाणी बाहेर आलं तर वाळणार, वाळलं तर गार होणार." मग त्यानेच मला विचारलं, "पण पावसाळ्यात साधा माठपण एवढा गार होत नाही, तो का?" हवेतली ओल, बाष्पीभवन, सगळं त्या एका प्रश्नात होतं. त्याची गाडी आली आणि तो गेला. त्या दिवशीच्या निकालपत्रावर माझी सही आहे आणि ते मला आजही डाचतं.

हे सांगते ते एवढ्यासाठी की निकाल चुकू शकतो, हे तुमच्या मुलीला मोठ्या माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे. पण सगळा दोष परीक्षकांवर टाकून मोकळं होऊ नका. तिच्या तक्त्याचा फोटो तुम्ही पाठवलाय. वर लिहिलंय, 'द्राक्षबागेतील दव: एक अभ्यास'. खाली तीस ओळींचे आकडे. दोन मिनिटं उभा राहणारा माणूस त्यातून काय वेचणार? तोच तक्ता असा असता तर बघा. वर ठळक अक्षरात प्रश्न: 'डावणी कुठल्या प्लॉटात आधी येईल, हे दव सांगेल का?' (बाकी वाचकांसाठी: डावणी म्हणजे ओल्या पानांवर येणारा द्राक्षाचा बुरशीचा रोग.) खाली दोनच उभ्या पट्ट्या, एक विरळ प्लॉटाची, एक दाट प्लॉटाची, दव सुकायला जेवढा वेळ लागला तेवढ्या उंच. आणि टेबलावर डावणीचं एक पान, खालची पांढरी बुरशी दिसेल असं उलटं ठेवलेलं. तुमच्या तालुक्यातला कुठला परीक्षक ते पान बघून पुढे गेला असता? आपलं काम दुसऱ्यापर्यंत पोचवणं हाही विज्ञानाचाच भाग आहे आणि तो शिकता येतो. 'हे चालतं का' याचंही उत्तर तिच्यापाशी होतं. हो, चालतं. हे आकडे बघून फवारणी कुठे आधी घ्यायची ते ठरवता येतं. फक्त त्या क्षणी तिला ते सुचलं नाही. पुढच्या वेळी सुचेल. अनोळखी माणसासमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडायची सवय दुसऱ्या कशाने लागत नाही, ती उभं राहूनच लागते.

आता मामा. त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. भाचीचे अश्रू बघून त्याचा जीव तुटला आणि इंजिनिअर माणसाला मदत म्हणजे काहीतरी बनवून देणं असंच वाटतं. पण तुमच्या मुलीने जे उत्तर दिलं त्यात उद्धटपणा शोधू नका. बागेत पहाटे कोण उठलं होतं, ते तिला ठाऊक आहे. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूशेजारी उभं राहणं म्हणजे काय, हेही तिने शेजारच्या टेबलावर बघितलंय. त्या मुलाबद्दलही थोडी कणव असू द्या. त्याला नंबर मिळाला, पण "हा दिवा काढला तर काय होईल?" असं कुणी विचारेल या धास्तीत तो दिवसभर उभा असणार.

मामाला बाजूला सारू नका, त्याला वेगळं काम द्या. पानावर ओल आहे की नाही ते ओळखणारी एक साधी पट्टी मिळते. तिच्यावर कंगव्याच्या दातांसारख्या तांब्याच्या रेषा असतात, त्यांच्यामध्ये पाणी आलं की वीज वाहते. महाग नसते. मामाने ती पट्टी, थोड्या वायरी आणि सोल्डरिंग आयर्न पाकिटात घालून पाठवावी, पण काहीही जोडून पाठवू नये. दर रविवारी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बसावं आणि नियम एकच: मामाचे हात कॅमेऱ्यात दिसता कामा नयेत. ती चुकीची वायर जोडेल, दिवा लागणार नाही, तेव्हा त्याने "कुठे अडलंय असं तुला वाटतं?" एवढंच विचारून गप्प बसायचं. मार्गदर्शकाचं सगळ्यात अवघड काम गप्प बसायचं आहे. मला ते जमायला खूप वर्षं लागली.

दुकानातल्या मॉडेलबद्दल फार लिहीत नाही. त्याला लागणारे पैसे वाचवा. त्यात चांगला थर्मामीटर येईल, एखादं भिंग येईल आणि जाड पुठ्ठ्याची वही येईल.

आणि आता तुमचं ते वाक्य: 'आम्ही दहावीपर्यंत शिकलेलो, आम्ही काय सांगणार?' इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही बोर्डो फवारता ना? मोरचूद आणि चुना. ते कसं हाती लागलं माहीत आहे? फ्रान्समधल्या मेदोक भागात रस्त्याकडेचे शेतकरी चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचा निळसर रंग मारायचे. डावणी तेव्हा अमेरिकेतून नुकतीच तिकडे पोचली होती आणि बागा बसत होत्या. 1882 साली बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे तिथून जात होते. त्यांना दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं टिकून आहेत आणि आतल्या झडल्यात. त्यांनी विचारपूस केली, प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते मिश्रण जगापुढे मांडलं. उपाय शेतकऱ्यांच्याच हातात होता, त्याकडे प्रश्न म्हणून बघणारा माणूस तेवढा हवा होता. तुमच्या घरी आज दोन्ही माणसं आहेत. पानावर तेलकट डाग दिसला की उद्या काय होणार ते तुम्हाला कळतं, आणि ते का होतं ते तुमच्या लेकीला हवंय. तुमच्यासारखा मार्गदर्शक तिला सांगलीत कॉलेजात जाऊनही मिळणार नाही. "मला माहीत नाही, चल बघू" एवढं तुम्ही म्हणालात तरी पुष्कळ आहे. तुम्ही ते आधीच म्हणून झालाय, कंसात.

तिच्या प्रयोगात एक कच्चा दुवा आहे, तो तिला सांगायला हवा. तुम्ही लिहिलंय की दाट प्लॉट ओढ्याकडे आहे आणि विरळ प्लॉट वरच्या अंगाला, रस्त्याकडे. मग दव उशिरा सुकलं ते दाट पानांमुळे, की ओढ्याकाठच्या गारठ्यामुळे? तिला स्वतःलाच हे टोचलंय, म्हणूनच तिने कडेच्या ओळीचा प्रश्न विचारला. याचं उत्तर शोधायला तिला तुमच्याकडून एक गोष्ट लागणार आहे, आणि ती मामा देऊ शकत नाही, दुकानही नाही.

तिला बागेतली चार झाडं द्या.

एकाच ओळीतली, सारख्या जोमाची, मध्ये एकेक झाड सोडून. दोन झाडांची विरळणी नेहमीसारखी करायची, दोन तशीच दाट ठेवायची. बाकी खत, पाणी, फवारणी अगदी सारखी. फवारणी थांबवायची अजिबात गरज नाही. रोग येतो का ते तिला बघायचं नाहीये, फक्त ओल किती वेळ टिकते ते मोजायचंय. डावणीचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पापुद्र्यात पोहत जाऊन पर्णरंध्रातून आत शिरतात. म्हणून ओल जितकी जास्त वेळ टिकेल तितकी त्यांना संधी, हे पुस्तकात आहे. तुमच्या ओळीत ती किती वेळ टिकते ते मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. प्रत्येक झाडाची दहा पानं दोऱ्याने खूण करून ठेवायची, पाच बाहेरची, पाच आतली. सकाळी साडेसहापासून दर अर्ध्या तासाला बघायचं, ओली किती, सुकी किती. शाळा असते, दहाला निघावं लागतं, तर साडेनऊपर्यंतच्या नोंदी पुरे. जी पानं तोवर सुकली नाहीत त्यांच्यापुढे 'साडेनऊनंतर' असं लिहायचं, अंदाजाने आकडा घालायचा नाही. एखाद्या दिवशी झोप लागली तर त्या दिवसाची जागा कोरी ठेवायची. मी परीक्षक असते तर त्या कोऱ्या रकान्याला आधी गुण दिले असते.

दोन काळज्या घ्या. फवारणी झालेल्या दिवशी आणि औषधाच्या लेबलवर सांगितलं असेल तितका काळ तिने पानांना हात लावायचा नाही. आणि पहाटे पायात बूट, हातात बॅटरी, सोबत कुणीतरी. बागेत जनावर असतं हे तुम्हाला सांगायला नको.

दोन झाडं दाट ठेवायची म्हणजे तुमच्या मालाचं थोडं नुकसान होईल, घड कमी-जास्त येतील. तेवढं सोसा. तिच्या आयुष्यात तिच्या प्रश्नासाठी कुणीतरी आपली झाडं बाजूला ठेवली होती, हे तिला फार पुढपर्यंत पुरेल.

अभ्यासाचं काय, असं तुम्ही विचारताय. सकाळच्या तीन तासांतला तिचा खरा वेळ मिळून पाऊण तास जाईल. त्या पाऊण तासात सरासरी, आलेख, संक्षेपण, बाष्पीभवन, बुरशीचं जीवनचक्र हे सगळं येतं, आणि परीक्षेला ते नव्याने पाठ करावं लागत नाही. दहावीच्या वर्षी हवं तर थांबवा. आठवी-नववीत थांबवू नका.

नंबर लागायलाच हवा असं नसलेल्या वाटाही आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर अवॉर्ड मानक' ही योजना आहे. त्यात शाळेने मुलांच्या स्वतःच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झाली तर नमुना तयार करायला 10,000 रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना नाव पाठवण्याबद्दल आत्ताच विचारून ठेवा, बऱ्याच शाळांत ही तारीख नुसती निघून जाते. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 पासून होते आहे. तिथे दिव्यांच्या मॉडेलला काही किंमत नाही. आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन केलेल्या नोंदी आणि त्यांवरचा अहवाल हेच तिथे लागतं, म्हणजे तुमच्या मुलीची वही. आणि ती पुढच्या वर्षी नववीत जाईल, तेव्हा होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसू शकेल. ती सहावी आणि नववीसाठी असते, आणि लेखी, प्रात्यक्षिक यांच्या पुढच्या टप्प्यात स्वतः केलेला प्रकल्प आणि मुलाखत असते.

मार्गदर्शक घरात आणि पुण्यातच असतात असंही नाही. जयंत नारळीकर सर मूळचे कोल्हापूरचे. सह्या मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर देतो. आणि देत. मे 2025 मध्ये सर गेले, पण पत्र लिहून विचारायची ती रीत आपण चालू ठेवायला कुणाची हरकत नाही. तुमच्या मुलीला पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे तिथे एक पत्र लिहू द्या. मराठीत, स्वतःच्या अक्षरात, पत्रात एकच प्रश्न: 'मी असं मोजते आहे, यात काय चुकतंय?' एका पत्राला उत्तर नाही आलं तर दुसरं लिहायचं. तुमच्या द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्राला तुम्ही जाताच, एकदा तिला सोबत न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. तुम्ही माइक धरू नका.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. प्रत्येकाच्या घरी बाग नसते. पण वाळवा-पलूसकडे कृष्णाकाठी उसाला पाणी जास्त होऊन शेतं क्षारपड झाली आहेत. पांढरा थर आलेली माती आणि बांधापलीकडची चांगली माती दोन डब्यांत घ्या, दोन्हींत वीस-वीस हरभरे पेरा आणि किती उगवतात ते मोजा. सांगलीत राहत असाल तर आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि 2019 च्या महापुरात ती 57 फुटांच्या वर गेली होती. त्याच दिवसांतला कोयनेचा विसर्ग शेजारी लिहा आणि धरणातून सोडलेलं पाणी पुलापर्यंत किती तासांनी पोचतं ते मुलांना शोधू द्या. हळद तर घरोघरी आहे. हळदीत बुडवलेला कागद चुन्याच्या निवळीत लाल होतो आणि लिंबाने पुन्हा पिवळा. त्या कागदाने घरातल्या किती गोष्टी तपासता येतील याची यादी मुलांनाच करू द्या. असा प्रश्न मुलाच्या रोजच्या रस्त्यावर असला की पालकाला मागे लागावं लागत नाही.

दादा, आता तुमची काढणी चालू असेल, मग एप्रिलची खरडछाटणी. प्रयोगाला अजून अवकाश आहे. तोवर तिने यंदाच्या वहीवरून चार पानांचा अहवाल लिहावा, ओढ्याची शंका लपवून न ठेवता. मामाचं पाकीट मे महिन्याच्या सुट्टीत येऊ दे. आणि फळछाटणीनंतर फुटींची विरळणी करायच्या आदल्या दिवशी चौघंही बागेत जा, मामाला जमलं तर पाचवा. चार झाडांना चार रंगाच्या चिंध्या बांधा. कुठली दोन दाट ठेवायची ते तुम्ही ठरवू नका आणि तिलाही ठरवू देऊ नका, कारण आपला हात नकळत हव्या त्या झाडाकडे जातो. चार चिठ्ठ्या करा, टोपीत टाका. टोपी तुम्ही धरा आणि चिठ्ठ्या घरातल्या धाकट्याला उचलू द्या.